ताईचा वाकडा दात

रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मिलिमीटरने पितळी डब्याचा शिकंजा सैल केला. डबा रात्रभर पाण्यातच निवत ठेवला होता. घाईने गार केला की आतली कवळी अंग आखडते आणि मग टाळूला कधीच धड बसत नाही. त्याने लाकडी हातोडीने कडेकडेने ठोकलं, डब्याचे दोन भाग वेगळे केले आणि आतलं प्लास्टर सुरीने टवका टवका काढायला सुरुवात केली. आधी गुलाबी टाळू दिसली, मग दाढा, मग समोरचे दात. सगळी कवळी हातात आल्यावर त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली आणि एक डोळा मिटून पाहिली.

समोरून दुसरा, सुळ्याशेजारचा दात वाकडा होता. शेजारच्या दातावर किंचित चढलेला, आणि त्याच्या नि सुळ्याच्या मध्ये एक फट.

इतक्या वर्षांत त्याच्या हातून वाकडा दात बाहेर पडण्याची ही पहिलीच वेळ. तोही चुकून नाही, मुद्दाम. कवळी त्याच्या थोरल्या बहिणीची होती. दुसऱ्या दिवशी तिची रजा संपत होती. ती बस स्थानकाच्या माईकसमोर बसणार की सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत छत्र्या मोजत बसणार, हे या दातावर ठरायचं होतं.

मिलिमीटर हे नाव त्याला दातांच्या डॉक्टरांनी दिलं होतं. डॉक्टर माप घ्यायचे, साचा पाठवायचे, आणि कवळी बनायची ती त्याच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात. एका खोलीत प्लास्टर, भट्टी आणि पाणी. दुसऱ्या खोलीत खिडकीलगत बाक, बाकावर मेणाच्या पट्ट्या, स्पिरिटचा दिवा आणि खाली खणांची उतरंड. खणांत दात. पांढरे, पिवळसर, करडे, रुंद, निमुळते. सहा-सहाच्या ओळीने मेणपट्टीवर चिकटवलेले. नवीन माणूस खण उघडला की दचकायचा. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर प्लास्टरची पिठूळ साय होती, फक्त बाकाचा हातभर तुकडा सोडून. तो तुकडा तो दिवसातून कितीदा तरी पुसायचा.

डॉक्टरांनी पास केलेलं काम तो परत मागवायचा. एकदा तर एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडातून कवळी परत मागवली होती, कारण दोन सुळ्यांच्या उंचीत केसाएवढा फरक राहिल्याचं त्याच्या रात्री लक्षात आलं. गृहस्थ आनंदात जेवत होते. त्यांनी कवळी काढून दिली आणि म्हणाले, की हा फरक मला माहीत नव्हता तोवर मी सुखी होतो, आता प्रत्येक घासाला तोच चावतो. मिलिमीटरने हे वाक्य कौतुक म्हणून घेतलं. कारखान्यात पॉलिश करणाऱ्या मावशींनी ते तसं घेतलं नाही. त्या म्हणाल्या, की मास्तर, सुखात मिठाचा खडा टाकायचा तो कसा टाकावा हे लोकांनी तुमच्याकडून शिकावं.

मावशी त्याच्याकडे पहिल्यापासून होत्या. पॉलिशच्या चाकापुढे बसून बोलायची त्यांना सवय होती. चाकाच्या आवाजात आपलं बोलणं कुणाला ऐकू जात नाही असं त्या धरून चालत, आणि ते सगळ्यांना ऐकू जायचं.

बहीण त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती स्थानकावर बसची सूचना द्यायची. कुठली बस, कुठला फलाट, किती वाजता. हे काम तिने लग्नाआधी धरलं आणि नवरा गेल्यानंतरही सोडलं नाही. तिचा आवाज काही गोड नव्हता. पण तिच्या ‘स’मध्ये एक बारीक शिट्टी होती, आणि प्रत्येक सूचनेत ‘बस’ हा शब्द असल्यामुळे ती शिट्टी दिवसभर स्थानकात फिरायची. बाकावर पेंगणारे लोक त्या शिट्टीने जागे व्हायचे. रोजचे प्रवासी तिला शिट्टीवाल्या बाई म्हणत. तिला ते माहीत होतं आणि त्यात तिला वावगं काही वाटत नसे.

शिट्टी यायची ती वाकड्या दाताशेजारच्या फटीतून. हा दात घराण्याचा होता. वडिलांना होता, ताईला होता, मिलिमीटरलाही होता. लहानपणी शेजारची पोरं चिडवायची तेव्हा वडील सांगायचे, की हसतील त्यांचे दात दिसतील, आणि मग आपलेच दात दाखवून मोठ्याने हसायचे. ताई वडिलांवर गेली. ती तोंड भरून हसायची. मिलिमीटर मात्र ओठ मिटून हसायला शिकला. बाविसाव्या वर्षी तो एका जुन्या कारागिराकडे काम शिकायला लागला. कारागीर म्हणाला, की दुसऱ्याच्या तोंडात सरळ दात बसवणार आणि स्वतःचा हा असा, गिऱ्हाईक पाठ फिरवेल. मिलिमीटरने त्याच महिन्यात तो दात काढून घेतला. दात चांगला धट्टाकट्टा होता. त्याच्या जागी जो बसवला तो त्याने स्वतः घडवला. त्याच्या हातचं ते पहिलं निर्दोष काम. इतकं निर्दोष, की पुढे लग्न झाल्यावर बायकोलाही सांगेपर्यंत कळलं नव्हतं.

ताईच्या हिरड्या गेल्या दोन वर्षांत खराब झाल्या. वरचे दात एकेक करून हलायला लागले आणि डॉक्टरीणबाईंनी शेवटी सगळे काढायचं ठरवलं. बाई जुन्या आणि नीटस कामाच्या. दात काढण्याआधी त्यांनी ताईच्या तोंडाचा साचा घेऊन मिलिमीटरकडे पाठवला आणि निरोप दिला, की जुनी ठेवण कशी होती ते असू द्या जवळ, उपयोगी पडेल. मिलिमीटरने साचा उलटसुलट करून पाहिला. हललेले, पसरलेले, एकमेकांवर चढलेले दात. नक्कल करावी असं त्यात त्याला काही दिसलं नाही. त्याने साचा भंगाराच्या पिंपात टाकला. तिथे तो इतर साच्यांबरोबर फुटला आणि आठवड्याच्या कचऱ्यात गेला.

मग त्याने ताईसाठी जी कवळी केली, ती पाहायला दोन डॉक्टर मुद्दाम आले. दाताला दात लागलेला, जणू मोत्याची ओळ. रंग तिच्या वयाला साजेसा, वळण तिच्या ओठाला साजेसं. डॉक्टरीणबाईंनी ती ताईच्या तोंडात बसवली, हलते का पाहिली, चावायला लावलं, आणि त्यांना नाव ठेवायला जागा सापडली नाही. मावशी पॉलिश करताना चाकामागून एवढंच म्हणाल्या, की दुकानाच्या काचेतल्या बाहुलीला छान दिसली असती. मिलिमीटरने ऐकलं नाही असं दाखवलं.

ताई ती कवळी घालून रजेतच एकदा स्थानकावर गेली, नुसतं दाखवायला. स्थानकप्रमुख खुर्चीतून उठले आणि म्हणाले, की बाई, मी तर तुम्हाला ओळखलंच नाही. त्यांनी ते कौतुकाने म्हटलं. मग गंमत म्हणून ताईला माईकवर एक सूचना द्यायला लावली. तिने दिली. ‘स’ गुळगुळीत निघाला. बाहेर बाकावरच्या कुणीही मान वर केली नाही. रोजची एक प्रवासीण खिडकीशी येऊन विचारून गेली, की नेहमीच्या बाई रिटायर झाल्या का.

ताई घरी आली, कवळी पाण्याच्या पेल्यात ठेवली आणि त्यानंतर फारशी घातली नाही. फोन उचलेनाशी झाली. दार उघडायची ते तोंडावर हात धरून. पातळ खाऊन राहायची आणि विचारलं तर पोट बरं नाही म्हणायची. मिलिमीटरला हे कळायला वेळ लागला, कारण त्याची समजूत अशी होती, की नवीन कवळीला तोंड सरावायला महिना लागतोच. त्याला कळलं ते स्थानकप्रमुखांकडून. ते दाताच्या कामाला डॉक्टरीणबाईंकडे आले होते आणि तिथे काम पोचवायला गेलेल्या मिलिमीटरला जाता जाता बोलून गेले, की ताईंनी सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बदली मागितली आहे. तिथे बोलायला लागत नाही. सोमवारी हजर झाल्या की मी सही करून टाकेन.

मिलिमीटर त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेला. पेला खिडकीत होता. पाणी रोज बदललेलं दिसत होतं. त्याने कवळी बाहेर काढली, आपल्याच हातचं काम पुन्हा निरखलं आणि विचारलं, की टोचते का, सैल आहे का, उलटीसारखं होतं का. ताईने प्रत्येक प्रश्नाला मान हलवली. नाही, नाही, नाही.

“मग झालंय तरी काय?”

ताईने तोंडावरचा हात काढला नाही. हाताआडूनच म्हणाली, “चांगले आहेत रे, छोट्या. कुणाचे आहेत तेवढं कळत नाही.”

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला छोट्या म्हणणारी आता ती एकटीच राहिली होती. ती पुढे म्हणाली, की तोंडात पाहुणी येऊन बसल्यासारखं वाटतं. पाहुणी देखणी आहे, वागायला चांगली आहे, पण ती बसलेली असताना मला पाय पसरता येत नाहीत. हे ती हसून म्हणाली असावी. हातामुळे दिसलं नाही.

त्याने तिला समजावून पाहिलं, की सवय होईल. मग जरा चिडूनच म्हणाला, की लोक असे दात मिळावेत म्हणून जीव टाकतात. ताईने चहा केला. बशीत ओतून, फुंकून, एका कडेने प्यायली. चहा संपेपर्यंत दोघं दुसऱ्याच विषयावर बोलत होती. निघताना दारात त्याने विचारलं, “वाकडा पाहिजे का तुला?”

“करशील?”

“मेणातला नमुना दाखवायला आणतो आधी.”

“काही दाखवू नकोस. आता किती वेळा तोंड उघडू कुणापुढे? नुसता आणून दे.”

मेणातला नमुना तोंडात लावून पाहिल्याशिवाय कवळी पक्की करायची नाही, हा त्याचा कायदा. त्यासाठी त्याने घाईतल्या डॉक्टरांशी भांडणं केली होती. इथे मात्र तो लगेच कबूल झाला. घराण्याचा दात. तो त्याला डोळे मिटून दिसत होता. तो बसवायला कुणाला काय विचारायचं?

शुक्रवारी तो मेण घेऊन बसला. दात खणातून निवडला, गरम सुरीने मेण मऊ केलं, दात तिरका दाबला, जरासा मागे जाऊन पाहिलं. बरोबर दिसत होता. मग डबीतली छोटी सुरी आणायला वळला आणि परत येऊन पाहतो तर दात सरळ. वळता वळता त्याच्याच अंगठ्याने तो सरळ केला होता. त्याने पुन्हा मेण मऊ केलं. दुसऱ्यांदा दात वाकडा राहिला, पण फट बुजली. मावशी पाहत होत्या.

“कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच राहतं म्हणतात,” त्या म्हणाल्या. “तुमचा हात त्याच्या उलट. वाकड्यात घातला तरी सरळ.”

“मावशी, चाक बघा तुमचं.”

“बघतेय. चाक गोल आहे, त्याचं काही बिघडलेलं नाही.”

तिसऱ्यांदा तो उभा राहिला, डोळे मिटले, आणि जिभेचं टोक स्वतःच्या दातांमागून फिरवलं. तिथे कधीकाळी जो उंचवटा होता तो आठवला. मग खाली बसून एका दमात दात लावला आणि हात मागे घेतला. पुन्हा त्याला बोट लावलं नाही. शनिवारी मेणाचा नमुना डब्यात प्लास्टरमध्ये बसवला, मेण वितळवून त्या पोकळीत गुलाबी मसाला भरला आणि संध्याकाळी डबा गरम पाण्यात सोडला.

रविवारी मावशी सुट्टी असूनही आल्या. येताना कुरकुरल्या, की देवानेसुद्धा एक दिवस आराम केला असेल, या मास्तरच्या घरच्यांना मात्र रविवारीच दात येतात. मग त्यांनी ओली भुकटी लावून कवळी चाकावर धरली. वाकड्या दाताच्या बेचक्यात चाक जाईना, तेव्हा कुंचला बसवला आणि तेवढी जागा हळूहळू घासली. काम संपल्यावर त्यांनी कवळी धुतली, पालथी करून पाहिली आणि मिलिमीटरच्या हातात दिली. काही बोलल्या नाहीत. मिलिमीटरला ते जास्त लागलं.

ताई साडेअकराला आली. सुटी असल्याने डॉक्टरीणबाई नव्हत्या. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, की बसवून बघा, टोचलं तर उद्या दुपारी माझ्याकडे पाठवा. ताई बाकासमोरच्या स्टुलावर बसली. मिलिमीटरने कवळी पाण्यात बुडवून तिच्या हातात दिली. तिने पाठ फिरवून ती आत सरकवली, अंगठ्याने टाळूला दाबली, दोनदा चावून पाहिलं. मग भिंतीवरच्या आरशात न पाहताच म्हणाली, “सात वाजून वीस मिनिटांची बस फलाट क्रमांक पाचवरून सुटेल.”

बसच्या ‘स’ला शिट्टी आली. नेहमीपेक्षा जरा बारीक, आणि जरा दुसऱ्याच अंगाने, पण आली. चाकामागे मावशींनी मान वर केली.

ताईने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. मग तिने जीभ फिरवली. फिरवताना ती मध्येच थांबली, जीभ परत नेली आणि पुन्हा त्याच जागी आणली. उठून आरशासमोर गेली. ओठ बोटाने वर केला, दात पाहिले, आणि हसायला लागली. तोंडावर हात न धरता, पोट धरून. मावशींनी चाक बंद केलं.

“काय झालं?” मिलिमीटरने विचारलं.

“छोट्या,” ती म्हणाली, “माझा वाकडा दात उजवीकडे होता रे. डावीकडचा तुझा.”

उजवं-डावं त्याचं कधी चुकत नसे. समोरच्या माणसाचं डावं म्हणजे आपलं उजवं, हे त्याने शिकाऊ असताना पहिल्या आठवड्यात गिरवलं होतं. आता त्याने जीभ आपल्या दातांमागून फिरवली. उंचवटा डावीकडे असायचा. शुक्रवारी डोळे मिटून जो दात त्याला दिसला होता, तो त्याने बाविसाव्या वर्षी काढून टाकला होता. वडिलांचा कुठल्या बाजूला होता हे त्याला आठवेना, आणि ताईला विचारावंसं वाटलं नाही. ताईचा उजवीकडचा दात दाखवणारा साचा त्यानेच पिंपात टाकला होता.

मावशींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग ताईच्या. “म्हणजे मास्तरांचा पण होता?” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनाही कळलेलं नव्हतं. “आणि काढला? चांगला असताना?”

त्याने हात पुढे केला आणि ताईला म्हणाला, “दे इकडे. दोन दात सोडवायचे, बाजू बदलून परत बसवायचे. संध्याकाळपर्यंत होईल.”

ताईने ओठ घट्ट मिटले. लहानपणी औषध घ्यायचं नसलं की ती असेच मिटायची, हे त्याला आठवलं. हेही नेमकं आठवतं का, याबद्दल त्याला आता खात्री नव्हती.

“ताई, चुकीच्या बाजूला आहे तो.”

“असू दे.”

“अगं, तुझा नाहीये.”

“घरचा तर आहे.” तिने पर्स उचलली. “शिट्टी उजवीकडून आली काय नि डावीकडून आली काय. लोकांची बस चुकली नाही म्हणजे झालं.”

तो अजून दोन-तीन कारणं सांगत होता. चावताना भार एका बाजूला येईल. ओठ डावीकडे किंचित उचललेला दिसेल. आज नाही तर आठ दिवसांनी तरी आण, टोचतं का ते बघू. शेवटचं कारण कशासाठी आहे हे ताईलाही कळलं आणि मावशींनाही. ताई म्हणाली, की टोचलं तर डॉक्टरीणबाईंकडे जाईन, तुझ्याकडे नाही. तुझ्या हातात पुन्हा पडली तर सरळ होऊनच बाहेर येईल. जिन्यावरून उतरताना ती सूचना म्हणत गेली. खालच्या वळणापर्यंत शिट्टी ऐकू येत होती.

मावशींनी कुंचला धुतला, एप्रन खुंटीला लावला. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, की मास्तर, आता झोप लागेल ना. तो म्हणाला, की काय न लागायला झालंय. त्या गेल्यावर त्याने बाक पुसला. खणातून सहा दातांची ओळ काढली, त्यातला उजवीकडचा दुसरा दात बोटात धरून थोडा वेळ बसला आणि परत त्याच्या जागी चिकटवला. ताईची जुनी, सरळ कवळी तिने जाताना बाकावर ठेवली होती. ती त्याने नमुना म्हणून फळीवर मांडली. तिला नाव ठेवायला अजूनही जागा नव्हती.

दुपारी त्याने स्थानकप्रमुखांना फोन केला. बदलीचा अर्ज ताईने सकाळीच परत मागून घेतला, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे कवळी तोंडात बसवण्याआधीच. मिलिमीटरने ते दोनदा विचारून घेतलं.

उद्या सोमवार. पहिली बस पाच वाजून पन्नास मिनिटांनी फलाट क्रमांक तीनवरून सुटते. तिची सूचना ताई दहा मिनिटं आधी देते.